घरून काम करणाऱ्या टीमची घडी कशी बसवायची: वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या ऑफिसचा अनुभव

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमचा एक छोटा गाळा आहे. रबाळे, महापे, तुर्भे इथल्या लहान कारखान्यांचे आणि ठाण्यातल्या दुकानदारांचे हिशेब आम्ही लिहितो. खरेदी-विक्रीच्या एन्ट्र्या, बँकेची जुळवणी, जीएसटी, टीडीएस, पगारपत्रकं असं सगळं. २५ मार्च २०२० ला देशभर लॉकडाऊन लागला तेव्हा आम्ही सहा जण होतो आणि सगळं काम गाळ्यातल्या एका सर्व्हरवर होतं. आज आम्ही अकरा जण आहोत आणि गाळ्यात रोज येणारे फक्त दोघं. बाकीचे कळवा, डोंबिवली, बदलापूर, कोपरखैरणे, पनवेल अशा ठिकाणांहून काम करतात. एक जण तर चिपळूणला घरी राहूनच करतो.

ही घडी बसायला आम्हाला दीड वर्ष लागलं. तुम्ही नुकतेच टीम लीडर झाला असाल, किंवा तुमच्या छोट्या व्यवसायात पहिल्यांदाच घरून काम करणारी माणसं घेतली असतील, तर तुमचं हे दीड वर्ष वाचावं म्हणून लिहिते आहे. उदाहरणं हिशेबाच्या कामातली आहेत, पण डिझाइन, कस्टमर केअर, डेटा एन्ट्री, भाषांतर अशा कोणत्याही कामाला ती लागू करता येतील.

एक गोष्ट आधीच सांगते. घरून काम करणाऱ्याचं काम बिघडलं की आपल्या मनात पहिला शब्द येतो 'टाळाटाळ'. माझ्या पाहण्यात टाळाटाळ फार कमी वेळा निघाली. बहुतेक वेळा त्या माणसाला नेमकं काय हवंय ते कुणी लिहून दिलेलं नव्हतं, आणि अडल्यावर विचारायला बाजूच्या खुर्चीवर कुणी नव्हतं.

## सुरुवातीला हाताशी काय काय हवं

साधनं:

- एक सामायिक शीट, जिच्यात सगळ्यांची सगळी कामं दिसतील. अकरा माणसांना गूगल शीट पुरते. महागडं सॉफ्टवेअर पहिल्या सहा महिन्यांत घेऊ नका.
- फाइली ठेवायला एकच ड्राइव्ह आणि फाइलचं नाव देण्याची एकच पद्धत. आमची पद्धत: तारीख, पार्टी, बिल नंबर.
- शक्यतो ऑफिसचा लॅपटॉप. घरचा, मुलांच्या शाळेचाही असलेला लॅपटॉप ग्राहकाच्या कामाला नको.
- माइक असलेला हेडफोन. घरात कुकर, टीव्ही, शेजारचं ड्रिलिंग सगळं चालू असतं.
- राउटरसाठी मिनी यूपीएस. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात, तरी घेण्याआधी अडॅप्टरवरचा आकडा वाचा.

कागदपत्रं:

- नेमणूकपत्र, त्यात घरून काम करण्याच्या वेळा, सुट्ट्या आणि इंटरनेटचा खर्च कोण देणार हे स्पष्ट लिहिलेलं.
- गुप्ततेचा करार.
- लॅपटॉप दिल्याची सही केलेली पावती, सीरियल नंबरसकट.
- संपर्काचा तक्ता. त्यात प्रत्येकाच्या घरातल्या आणखी एका माणसाचा नंबर असू द्या. माणूस दिवसभर फोन उचलत नसेल तर आपण रागावतो, पण कधीकधी तो हॉस्पिटलात असतो.

मीटिंगसाठी आम्ही अजून मोफत खातंच वापरतो. झूमची मोफत मीटिंग ४० मिनिटांनी बंद होते; गूगल मीटवर तीन किंवा जास्त जण असतील तर ६० मिनिटं मिळतात. टीमच्या मीटिंगला ४० मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर बहुतेकदा तयारी कमी पडलेली असते.

## १. आधी प्रत्येकाचं घर समजून घ्या

काम वाटण्याआधी प्रत्येकाशी अर्धा तास फोनवर बोला. घरात किती माणसं आहेत, टेबल-खुर्ची आहे का, दार बंद करता येतं का, लाइट किती वेळा जाते, नेट कुणाचं आहे, दिवसातला कोणता वेळ खरोखर शांत असतो. हे विचारताना चौकशीचा सूर नको. "तुम्हाला काम नीट जमावं म्हणून विचारतेय" असं आधी सांगा आणि तसंच वागा.

आमच्या कळव्याच्या सहकाऱ्याचं वन आरके आहे. भाऊ रात्रपाळी करून सकाळी आठला झोपतो. त्याच खोलीत बसून हा नऊपासून ग्राहकांना फोन कसा करणार? तो कुजबुजत बोलायचा आणि ग्राहक तक्रार करायचे की तुमचा माणूस धड बोलत नाही. हे आम्हाला चार महिन्यांनी कळलं. त्याला फोनचं काम दुपारी दोननंतर दिलं आणि सकाळी बँक जुळवणी, तेव्हा तक्रारी थांबल्या. ज्यांच्या घरी जागाच नाही त्यांच्यासाठी गाळ्यात दोन टेबलं कायम रिकामी ठेवली आहेत. कधीही या, आधी फक्त कळवा.

विजेचं आणि नेटचं गणित आधीच मांडा. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे, नवी मुंबईत एकाच वेळी वीज गेली होती तेव्हा आमचं सगळं काम ठप्प झालं, कारण टीममधले सगळे एकाच पट्ट्यात होते. त्यानंतर आम्ही दोन नियम केले. घरचं नेट एका कंपनीचं असेल तर मोबाइल दुसऱ्या कंपनीचा हवा, म्हणजे हॉटस्पॉट कामाला येतो. आणि तारखेच्या कामाला प्रत्येकाचा जोडीदार वेगळ्या भागातला हवा: बदलापूरला लाइट गेली तर कोपरखैरण्याचा माणूस ते काम उचलेल. घोडबंदर रोडच्या बाजूला मेट्रोची खोदकामं जोरात होती तेव्हा केबल तुटून दोन-दोन दिवस नेट गेल्याचं आम्ही अनुभवलंय, पण या जोड्यांमुळे एकही रिटर्न (कराचं विवरणपत्र) उशिरा गेलं नाही.

## २. 'झालं' म्हणजे काय, ते लिहून काढा

या लेखातली एकच पायरी करणार असाल तर ही करा.

२०२१ च्या पावसाळ्यातली गोष्ट. महिन्याची १९ तारीख, रात्रीचे साडेनऊ. दुसऱ्या दिवशी एका कारखान्याचं थ्रीबी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र, भरायचं होतं. खरेदीच्या एन्ट्र्या आमच्या बदलापूरच्या सहकारीकडे होत्या. १६ तारखेला मी विचारलं होतं, "ताई, झालं का?" त्या म्हणाल्या होत्या, "हो ताई, झालं." मी जीएसटी पोर्टलवरचं टूबी (विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांची यादी) उघडून पुस्तकांशी ताडून पाहायला बसले तर इनपुट क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) जुळेना. पुस्तकात सीजीएसटी आणि एसजीएसटी (राज्यातल्या खरेदीवरचे कर) जास्त, पोर्टलवर आयजीएसटी (परराज्यातल्या खरेदीवरचा कर) जास्त.

शोधता शोधता वापीच्या एका पार्टीची सतरा बिलं सापडली. बिलावरचा जीएसटी नंबर २४ ने सुरू होत होता, म्हणजे गुजरात. पण लेजर (पार्टीचं खातं) उघडताना जीएसटी नंबर रिकामा राहिला होता आणि राज्य महाराष्ट्र पडलं होतं. त्यामुळे सतराच्या सतरा बिलांना महाराष्ट्रातल्या खरेदीसारखा कर लागला. आम्ही दोघी फोनवर रात्री एक वाजेपर्यंत ते निस्तरत होतो. मागून त्यांचं बाळ रडत होतं आणि त्या पुन्हा पुन्हा "सॉरी ताई" म्हणत होत्या.

मला त्या रात्री फार वाईट वाटलं, कारण त्या खरंच बोलल्या होत्या. त्यांच्या हिशेबी 'झालं' म्हणजे सगळी बिलं टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) चढली. माझ्या हिशेबी 'झालं' म्हणजे बिलं चढली, टूबीशी जुळली आणि न जुळलेली वेगळी काढली. टूबी १४ तारखेला पोर्टलवर येतं, ते बघणं कामाचा भाग आहे हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. ऑफिसात असताना हे मीच येता-जाता बघत असे, त्यामुळे ते सांगायचं असतं हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघींनी बसून खरेदीच्या कामाची यादी लिहिली. ती अजून तशीच वापरतो:

- महिन्याची सगळी बिलं चढली. बिलाचा फोटो ठरलेल्या नावाने ड्राइव्हवर आहे.
- नवीन पार्टी असेल तर जीएसटी नंबर बिलावरूनच घेतला. आकडे-अक्षरं मिळून १५ मोजली. पहिले दोन आकडे आणि लेजरमधलं राज्य एकच आहे: महाराष्ट्र २७, गुजरात २४, कर्नाटक २९.
- टूबीशी जुळवणी झाली.
- न जुळलेली बिलं वेगळ्या शीटवर, प्रत्येकापुढे कारण आणि पार्टीला फोन केल्याची तारीख.
- ज्या गोष्टीची खात्री नाही ती शेवटच्या रकान्यात लिहिली.

शेवटचा मुद्दा वगळू नका. "मला याची खात्री नाही" असं लिहायला हक्काची जागा दिली की माणूस वेळ मारून नेत नाही.

तुमच्या कामाची यादी अशी काढा: ते काम सगळ्यात चांगलं करणाऱ्या माणसाला घ्या, तो करत असताना स्क्रीन शेअर करायला सांगा आणि तो हातासरशी काय काय तपासतो ते टिपत जा. त्याला नुसतं विचारलंत तर तो तीनच गोष्टी सांगेल, बघितलंत तर दहा दिसतील. यादी पाच ते आठ ओळींची हवी. वीस ओळींची यादी कुणी वाचत नाही, डोळे मिटून टिक करतात. डिझाइनचं काम असेल तर 'झालं' म्हणजे कोणत्या मापाची, कोणत्या प्रकारची फाइल, मजकूर कुणी वाचून तपासलेला. कस्टमर केअर असेल तर फोन ठेवला म्हणजे तक्रार मिटली असं नाही; ग्राहकाला पुढे काय होणार आणि कधी, ते सांगितलं का, ते नोंदीत आलं का.

## ३. काम तोंडी देऊ नका, आणि व्हॉट्सअॅपवर तर नकोच

व्हॉट्सअॅपवर दिलेलं काम संध्याकाळपर्यंत शुभेच्छांच्या आणि फॉरवर्डच्या खाली गाडलं जातं. काम शीटवर द्या, प्रत्येक कामाला एक ओळ. काय करायचं, कुणी, कधीपर्यंत, कोणती यादी लागू, फाइल कुठे आहे, आत्ता काम कुठे अडलंय. व्हॉट्सअॅप फक्त "शीट बघा" एवढं सांगायला.

'लवकर', 'जमलं तर आज', 'थोडं बघून घ्या' हे शब्द काम देताना वापरायचे नाहीत, असं आम्ही ठरवून टाकलं. समोर बसलेल्या माणसाला आपल्या चेहऱ्यावरून घाई कळते, घरी बसलेल्याला कळत नाही. "गुरुवारी दुपारी चारपर्यंत" लिहा. आणि सगळंच तातडीचं असेल तर कशाआधी काय, तेही तुम्हीच ठरवा. ते टीमवर सोपवलंत तर ज्या ग्राहकाचा आवाज मोठा त्याचं काम आधी होतं.

पद्धत शिकवायची असेल तर स्क्रीन रेकॉर्ड करून पाच मिनिटांचा व्हिडिओ करून ठेवा. नवीन माणसाला तीच गोष्ट चारदा विचारायची भीड वाटते. व्हिडिओ मात्र तो दहा वेळा बघू शकतो.

## ४. दिवसाची आणि महिन्याची घडी

दिवसभर सगळ्यांनी हजर असायलाच हवं असा हट्ट सोडा. आम्ही सगळ्यांसाठी दोन सामायिक वेळा ठेवल्या आहेत: सकाळी ११ ते १ आणि दुपारी ४ ते ५. त्या वेळात फोन लागला पाहिजे, प्रश्नाला उत्तर मिळालं पाहिजे. उरलेले तास ज्याचे त्याने ठरवायचे. आमच्या एक सहकारी पहाटे साडेपाचला बसतात, मुलं उठेपर्यंत दोन तास सलग काम करतात, आणि त्यांच्या त्या दोन तासांत जेवढं काम होतं तेवढं पूर्वी ऑफिसात अर्ध्या दिवसात होत नसे. लोकलने बदलापूर ते ठाणे उभ्याने आल्यावर माणसाच्या अंगात किती जोर उरतो, हे इथल्या कुणाला सांगायला नको.

सकाळी प्रत्येकाने शीटवर तीन ओळी लिहायच्या: आज काय करणार, कुणाकडून काय हवंय, कशात अडलोय. संध्याकाळी एक ओळ: काय पूर्ण झालं. बस. याच्यासाठी रोज मीटिंग घ्यायची गरज नाही. आम्ही सोमवारी आणि गुरुवारी ऑनलाइन भेटतो, पंचवीस मिनिटं.

महिन्याच्या तारखा सगळ्यांच्या कॅलेंडरवर असू द्या. आमच्याकडे ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र), १४ ला टूबी, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला थ्रीबी. सरकारी तारखेच्या तीन दिवस आधी आमची तारीख असते, म्हणजे थ्रीबीचं काम १७ ला संपलंच पाहिजे. ऑफिसात असताना २० तारखेच्या रात्री सगळे एकत्र बसून, वडापाव मागवून काम ओढता येत होतं. विखुरलेल्या टीमला तसं ओढता येत नाही, पोर्टल मंदावलं की एकेकटा माणूस घरी बसून घाबरतो. ते तीन दिवस त्या भीतीसाठी राखून ठेवा.

## ५. अडलं तर वीस मिनिटांत विचारा

आमचा नियम आहे: स्वतः शोधायला वीस मिनिटं, त्यापुढे विचारायचंच. न विचारता दोन तास घालवले तर ती चूक धरतो, विचारलं म्हणून कधीच नाही.

प्रश्न कसा विचारायचा तेही शिकवावं लागतं. "ताई, हे होत नाहीये" या प्रश्नाला उत्तर द्यायला मला आधी पाच प्रश्न विचारावे लागतात. आता असे मेसेज येतात: "ताई, वापीच्या पार्टीचं बिल आयजीएसटीचं दिसतंय, लेजरमध्ये राज्य महाराष्ट्र आहे. फोटो जोडलाय. मला वाटतं राज्य बदलावं लागेल. बदलू का? तोवर पुढची बिलं घेते." काय दिसतंय, स्वतःला काय वाटतं, तोवर काय करणार. विंडोजवर विंडोज, शिफ्ट आणि एस ही तीन बटणं एकदम दाबली की स्क्रीनचा हवा तेवढा भाग कापून पाठवता येतो, हे पहिल्याच दिवशी दाखवा.

आणि तुमच्या बाजूने: सामायिक वेळेत आलेल्या प्रश्नाला पंधरा मिनिटांत उत्तर द्या. "बघते, साडेबाराला सांगते" हेही उत्तरच आहे. दोनदा उत्तर मिळालं नाही की तिसऱ्यांदा माणूस विचारत नाही, अंदाजाने करून टाकतो.

## ६. तपासणी: नमुना, जोखीम आणि चुकांची वही

करणारा एक आणि तपासणारा दुसरा, हा बँकांमधला जुना नियम आहे. घरून कामात तो सोडू नका. पण सगळंच दोनदा तपासायचं ठरवलंत तर वेळ दुप्पट लागेल आणि करणारा बेफिकीर होईल, "पुढे तपासणारच आहेत" म्हणून पाट्या टाकेल. आम्ही असं करतो:

- नवीन माणसाचं पहिल्या महिन्यातलं सगळं काम तपासतो.
- नंतर शंभरातली कोणतीही दहा बिलं.
- जोखमीची मात्र सगळी: नवीन पार्टी, परराज्यातलं बिल, मोठी रक्कम, महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांची बिलं.

तपासणीत सापडलेली प्रत्येक चूक 'चुकांच्या वही'त जाते. ही एक शीटच आहे. रकाने चार: तारीख, काय चुकलं, कशामुळे चुकलं, आपल्या यादीत काय बदललं. नावाचा रकाना नाही, आणि तो कधीही घालू नका. नाव घातलंत त्या दिवसापासून चुका लपायला लागतील.

या वहीतून काय मिळतं त्याचं एक उदाहरण देते. तुर्भ्याच्या मार्केटमधून येणारी बिलं बऱ्याचदा हाताने लिहिलेली, तीही मराठी आकड्यांत, आणि आपल्याकडे येते ती कार्बन कॉपी. तीन महिन्यांत अशा बिलांच्या रकमा सहा वेळा चुकल्या. वेगवेगळ्या माणसांकडून, त्यामुळे कुणाचा निष्काळजीपणा म्हणता येईना. वही वाचताना लक्षात आलं की सहाही वेळा १ आणि ९ ची गफलत होती. घाईत लिहिलेला ९ कार्बनवर १ सारखाच उमटतो. उपाय सोपा निघाला: हाताने लिहिलेल्या बिलात नग गुणिले दर स्वतः करून बघायचा आणि बेरीज जुळली तरच रक्कम चढवायची. ही एक ओळ यादीत आली आणि ती चूक पुन्हा वहीत आली नाही.

शुक्रवारी वीस मिनिटं ही वही सगळे मिळून वाचतो. पहिले काही आठवडे माझ्या स्वतःच्या चुका मीच आधी लिहिल्या आणि वाचल्या. त्याशिवाय बाकीच्यांना धीर आला नसता.

## ७. मोजायचं काय आणि काय नाही

२०२० च्या उन्हाळ्यात कुणीतरी सुचवलं म्हणून मी दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो काढणारं आणि माउस किती वेळ हलला ते मोजणारं सॉफ्टवेअर घेतलं. दीड महिन्यात काढून टाकलं. आमच्या डोंबिवलीच्या सहकारी बँक जुळवणी आधी वहीवर पेन्सिलने करतात आणि मग टॅलीत चढवतात. सॉफ्टवेअरच्या हिशेबी त्या रोज दोन तास 'निष्क्रिय' होत्या. आमच्याकडे सगळ्यात कमी चुका त्यांच्या. तो अहवाल बघून त्यांना फोन लावायला मी हात उचलला होता, हे आठवलं तरी मला लाज वाटते.

आता तीनच आकडे बघतो, तेही महिन्यातून एकदा: ठरलेल्या तारखेला किती कामं पूर्ण झाली, पहिल्या तपासणीत किती परत आली, आणि किती कामं दुसऱ्याच्या उत्तरासाठी अडून राहिली. तिसरा आकडा बहुतेक वेळा माझ्यावर किंवा ग्राहकावर बोट दाखवतो, म्हणून तो मला सगळ्यात उपयोगाचा वाटतो.

दिवसाला किती बिलं चढवली यावरून माणसांची तुलना करू नका. कारखान्याची छापील, एकसारखी दोनशे बिलं आणि मार्केटची हाताने लिहिलेली साठ बिलं यांना सारखाच वेळ लागतो.

## ८. पासवर्ड आणि ग्राहकाची माहिती

इथे कडक राहा. पगारपत्रकात आधार, पॅन, बँकेचे खाते नंबर असतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ती कुणाच्या तरी घामाच्या पगाराची माहिती आहे.

- ग्राहकाचे पासवर्ड व्हॉट्सअॅप ग्रुपवर कधीच नाहीत. पासवर्ड मॅनेजर घ्या, ज्याला जो लागतो तेवढाच त्याला दिसू द्या.
- ओटीपी कुणी कुणाकडून घ्यायचा ते आधी ठरवा. अनोळखी नंबरवरून "मी ऑफिसातून बोलतोय, ओटीपी सांगा" असा फोन आला तर ठेवून द्यायचा आणि मला फोन करायचा.
- लॅपटॉपवरून उठताना विंडोज आणि एल ही दोन बटणं दाबायची. पाणी प्यायला उठलात तरी.
- लॅपटॉपमध्ये विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर (डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी सोय) चालू करून घ्या. बॅग लोकलमध्ये राहिली तर निदान माहिती तरी वाचेल.
- कॅफेत बसून ग्राहकाचं काम नको. घरी जमत नसेल तर गाळ्यात या.
- माणूस नोकरी सोडतो त्याच दिवशी त्याचे सगळे प्रवेश बंद करा. हे रागाने नाही, सगळ्यांसाठी सारखा नियम म्हणून.

## ९. नवीन माणूस आणि प्रत्यक्ष भेट

नवीन माणसाला पहिले पाच दिवस ऑफिसात बोलवा, प्रवासखर्च द्या. समोरासमोर ओळख झालेल्या माणसाला नंतर फोनवर प्रश्न विचारायला जड जात नाही. दुसऱ्या आठवड्यापासून त्याला एक जोडीदार द्या, आणि तो जोडीदार तुम्ही स्वतः नको. साहेबाला विचारायला लाज वाटेल असे प्रश्नच सगळ्यात महत्त्वाचे असतात.

महिन्यातून एकदा, २१ किंवा २२ तारखेला, थ्रीबी संपल्यावर आम्ही सगळे भेटतो. मध्य रेल्वेची मुख्य लाइन आणि वाशी-पनवेलकडून येणारी ट्रान्स हार्बर दोन्ही ठाण्यात येत असल्यामुळे ठाणंच सगळ्यांना सोयीचं. दोन तास कामाचं बोलायचं, मग जेवण, मग ज्यांना वेळ आहे ते तलावपाळीला चक्कर मारतात. त्या चकरेत मला जे कळतं ते कोणत्याही शीटवर येत नाही. कुणाच्या सासूबाईंचं ऑपरेशन आहे, कुणाला हेच काम करून कंटाळा आलाय, कुणाला ऑडिटचं काम शिकायचंय.

## १०. कुणाचं काम घसरायला लागलं तर

दोन आठवडे आकडे घसरलेले दिसले की फोन करा, मेसेज नको. ग्रुपवर तर एक शब्द नको. "तुमचं काम एरवी असं नसतं, काय चाललंय?" असं विचारा आणि मग गप्प राहा. पहिलं उत्तर "काही नाही ताई" असंच येईल. थांबलात तर दुसरं येतं.

कारण घरचं असेल तर वेळ बदलून किंवा काम कमी करून चार आठवड्यांची मुदत ठरवा आणि लिहून ठेवा. कारण कामाचं असेल, म्हणजे जमत नसेल, तर जोडीदाराबरोबर पुन्हा शिकवा. आणि दोन्ही करूनही, सगळं स्पष्ट लिहून देऊनही काम होत नसेल तर निर्णय लांबवू नका. त्याचं काम गुपचूप उचलणारे बाकीचे सहकारी थकत असतात आणि ते बोलत नाहीत.

## ११. सुट्ट्या आणि काम सोपवणं

कोकणातली माणसं टीममध्ये असतील तर गणपतीचं नियोजन उन्हाळ्यातच करा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या लगेच भरतात, म्हणून सुट्टीची मंजुरी त्याच्याही आधी द्यावी लागते. "बघू, तेव्हा सांगते" म्हणालात तर माणसाचं तिकीट जातं आणि तो ते वर्षभर विसरत नाही. तारखाही ताडून बघा. २०२४ मध्ये गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला, नेमकी टीडीएसच्या तारखेला आली होती. २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे आमच्या कामाच्या ऐन गर्दीत.

सुट्टीवर जाणाऱ्याने दोन दिवस आधी एक पान लिहायचं. प्रत्येक ग्राहकासाठी चार ओळी: काय पूर्ण आहे, काय अर्धवट आहे, कुणाच्या उत्तराची वाट आहे, त्या ग्राहकाची खास गोष्ट काय. खास गोष्ट म्हणजे "मालक दुपारी झोपतात, पाचनंतर फोन करा" किंवा "डेबिट नोट वेगळ्या पाकिटात पाठवतात, मागून घ्या" अशी. मग जो काम घेणार आहे त्याने ते पान वाचून, जाणारा माणूस अजून हजर असताना, एक काम करून दाखवायचं. अडलं तर तिथेच कळतं आणि पानात भर पडते. आमचा चिपळूणचा सहकारी गेल्या वेळी आरतीच्या गडबडीत होता तेव्हा त्याच्या ग्राहकांचं सगळं काम पनवेलहून झालं. पाच दिवसांत त्याला एकच फोन गेला, तोही मोदकांसाठी नारळ स्वस्त कुठे मिळाले ते विचारायला.